सोमवारी नवं पान

भोंगा सातला वाजायचा, पण कारखान्याचा खरा दिवस पावणेसातला दवाखान्याच्या खोलीबाहेर सुरू व्हायचा. सोळा-सतरा बायका आणि दोन-तीन पुरुष भिंतीला पाठ टेकून ओळीनं उभे. कुणाचा खांदा, कुणाची कंबर, कुणाचं मनगट. आत जायचं, पडद्याआड वळायचं, सुई घ्यायची, कापसाचा बोळा दाबत बाहेर यायचं आणि थेट मशीन गाठायचं. चहा निवायला याहून जास्त वेळ लागतो.

कारखाना धुलाईचा. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल इथं गाड्या भरभरून यायचे आणि पांढरेशुभ्र होऊन परत जायचे. ओली चादर किती जड असते हे चादरीवर फक्त झोपणाऱ्याला कधी कळायचं नाही. पिळणारं मशीन तिचं पाणी काढतं, गरम रूळ तिला चपटी करून बाहेर टाकतात, आणि पलीकडे दोन बायका समोरासमोर उभ्या असतात. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, हात डोक्यावर न्यायचे, झटका द्यायचा, दुमडायची, एकमेकींकडे चालत यायचं, एकीनं घडी घ्यायची, दुसरीनं पुढची चादर पकडायची. पाळीला आठशे चादरी. म्हणजे आठशे वेळा हात डोक्यावर. मग खांदा बोलतो, आणि त्याला गप्प करायला सुई असते.

नवी नर्स सोमवारी कामावर आली. वय बावन्न. त्यातली चोवीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशनच्या वॉर्डात गेलेली. तिथून ती निघाली त्याचं कारण एवढंच, की एका नामांकित सर्जनला तिनं चार लोकांत सांगितलं, "आधी हात धुवा." त्यांनी हात धुतले. पण त्या दिवसापासून तिच्या ड्यूट्या अशा लागायला लागल्या की माणसानं आपणहून राजीनामा लिहावा. तिनं लिहिला. नवी नोकरी मिळाली तेव्हा नवरा म्हणाला, "इथं महिनाभर तरी तोंड बंद ठेव."

"महिनाभर कशाला, वर्षभर ठेवते," ती म्हणाली. नवऱ्यानं मान डोलावली, पण चेहरा असा की लॉटरीचं तिकीट घेतोय.

दवाखान्याची खोली पूर्वी साबणाच्या पोत्यांची होती. अजून वास जिरला नव्हता. एक बाक, एक टेबल, हॉटेलानं नाकारलेल्या चादरीचा पडदा. औषधाचं कपाट सताड उघडं. सिस्टरनं पहिलं काम केलं ते कपाटाला कुलूप घालायचं. दुपारच्या सुट्टीपर्यंत तिचं नाव कुलूपबाई पडलं होतं.

जुना कंपाउंडर सोळा वर्षं काढून लेकीकडे राहायला निघाला होता. त्यानं अर्ध्या तासात कारभार हातात दिला. ही औषधं, हे रजिस्टर, ह्या डॉक्टरांच्या सह्या केलेल्या चिठ्ठ्या. डॉक्टर गुरुवारी येतात, तासभर बसतात, प्रत्येकाच्या चिठ्ठीवर 'चालू ठेवा' लिहून जातात.

"आणि दुखण्याची सुई पाच दिवसांच्या वर द्यायची नाही बरं का," कंपाउंडर म्हणाला. "औषधाच्या कागदावरच छापलंय. मी सोळा वर्षांत एकदाही मोडलं नाही."

सिस्टरला बरं वाटलं. पाच दिवस. वॉर्डात तीही तेच मानत आली होती. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस, फार तर पाच, मग बंद. औषध चांगलं, पण जालीम. वेदना खाली बसवतं आणि तेवढ्या वेळात पोटाचं अस्तर सोलतं, किडनीचं पाणी तोडतं. थोडे दिवस शरीर सोसतं. माणूस नियमाचा दिसतोय, ती मनात म्हणाली. आणि इथंच ती फसली.

त्या सोमवारी तिनं एकोणीस सुया दिल्या. प्रत्येकाला विचारलं, "पहिलाच दिवस ना?" प्रत्येकानं सांगितलं, "हो सिस्टर, पहिलाच." रजिस्टरचं पान कोरं होतं, वर तारीख, खाली रकाने. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

मंगळवारी ती सव्वासहालाच आली. कालची एकोणीस नावं पुन्हा एकदा नीट बघून घेऊ म्हणून रजिस्टर उघडलं. सहज एक पान मागं उलटलं. गेल्या आठवड्याचं. तीच नावं. सोमवार एक, मंगळवार दोन, शुक्रवार पाच. अजून एक पान मागं. एक, दोन, तीन, चार, पाच. अजून एक. तीच नावं, त्याच ओळींवर, सुवाच्य अक्षरात. सातव्या पानापर्यंत गेली आणि बोट ठेवून मोजायला लागली. पहिल्या ओळीवरचं नाव सातही आठवड्यांत होतं, त्याआधी नव्हतं. पस्तीस सुया. आणि तिच्याच हातची छत्तिसावी, कालची.

ते नाव घडीच्या टेबलावरच्या थोरलीचं होतं. थोरली आणि धाकटी, सख्ख्या जावा. एका घरात दोन चुली, कारखान्यात एक टेबल. रूळ क्रमांक दोनवर दोघी समोरासमोर घडी घालायच्या, आणि घरी एकमेकींशी बोलत नसल्या तरी टेबलावर चादर चुकत नसे. मोबदला जोडीवर होता. एकीनं दांडी मारली की दुसरीला पिळणीवर पाठवायचे आणि टेबल तिसऱ्याच जोडीला. म्हणून दोघींपैकी कुणीही आजारी पडायचं नाही, असा करार जणू लग्नातच झाला होता.

पावणेसातला थोरली आत आली. पन्नाशीला टेकलेली, आडव्या बांध्याची, बोलणं असं की दहा टेबलं गप्प व्हावीत. पडद्याआड गेली आणि वळून उभी राहिली.

"इकडे या. बसा," सिस्टर म्हणाली.

"बसायला वेळ नाही. टोचा."

"पाय दाखवा."

"खांदा दुखतोय, सिस्टर. पाय खाली असतात."

मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. सिस्टर खाली वाकली आणि थोरलीच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत बोट रोवावं तसा.

"लघवी किती वेळा होते?"

"कुणाला वेळ आहे? सकाळी घरून निघताना, मग घरी गेल्यावर."

"आणि पाणी?"

"पाणी प्यायलं की जावं लागतं. गेलं की टेबल थांबतं. टेबल थांबलं की मुकादम शिट्टी मारतो." थोरलीनं खांदा झटकायला घेतला आणि कळ आली तशी तिथंच थांबली. "चाळीस अंशाच्या वाफेत सगळं घामावाटेच जातं. सोय आहे की नाही?"

"तुम्हाला सुई मिळणार नाही," सिस्टर म्हणाली. "आज नाही, उद्या नाही. ही बंद."

पडद्याच्या कडेनं रांगेतली दोन डोकी आत डोकावली.

"काल दिलीत की."

"काल चुकले."

"मग माझे पाच दिवस कुठं झाले? आज दुसरा."

"आज सदतिसावा."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. वेडी आहे की काय, अशा नजरेनं. "कंपाउंडरकाकांनी हिशेब बसवून दिलाय. सोमवार ते शुक्रवार सुई. शनिवार-रविवार किडनीला सुट्टी. सोमवारी नवं पान. सोळा वर्षं चाललंय."

ह्यात कुणी बदमाश नव्हतं, हीच खरी चीड आणणारी गोष्ट. कागदावर 'पाच दिवस' छापलेलं, कारखान्याचा आठवडा सुईपुरता पाच दिवसांचा, रजिस्टरचं पान आठवड्याचं. एका सज्जन म्हाताऱ्यानं तिन्ही जुळवले आणि समाधानानं झोपला. डॉक्टरनं त्या जुळणीवर सही केली. आणि ज्यांचं भलं होत होतं त्यांनी पान मागं उलटून बघितलंच नाही.

"किडनीला वार कळत नाही हो," सिस्टर म्हणाली. "एका दुखण्याला पाच दिवस, सुई आणि गोळी मिळून, आणि मग संपलं. सोमवारपासून पुन्हा एक असं नसतं. दुखणं राहिलंच तर दुसरा इलाज शोधायचा. ही सुई खांदा बरा करत नाही, खांद्याचं तोंड दाबते. तोंड दाबलेल्या खांद्यानं तुम्ही आठशे चादरी ओढता. आत काय उरलंय कुणास ठाऊक."

"तुम्ही ओढा मग. मी इथं कुलूप सांभाळत बसते."

आता उघड हसू फुटलं. सिस्टरलाही आलं, पण तिनं ते गिळलं.

"शौचाला काळं होतं का?"

थोरलीचा चेहरा क्षणभर बदलला. मग ती वळली. "असल्या चौकश्या माझ्या सासूनं केल्या नाहीत," म्हणाली आणि पडदा बाजूला फेकून निघून गेली.

त्या सकाळी एकोणीसपैकी दोघांना सुई मिळाली. एकाचं बोट परवा दारात चेमटलं होतं, एकीची दाढ आदल्या दिवशी काढली होती, आणि दोघांचीही नावं मागच्या पानांत नव्हती. दोघांना तिनं विचारलं: पोटात फोड कधी झालाय? दम्याचा त्रास? रक्त पातळ करणारी गोळी? दुसरी कुठली दुखण्याची गोळी? काही खाऊन आलात? वर एक-एक तांब्या पाणी आपल्यासमोर प्यायला लावलं. उरलेल्या सतरा जणांनी तिला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यातलं सर्वांत सौम्य होतं, "हिला कुणी आणलं?"

साडेसातला मॅनेजर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, घामाचा थेंब नाही. वाफेच्या कारखान्यात कोरडा राहणारा माणूस लांबूनच ओळखू येतो.

"सिस्टर, चार टेबलं अर्ध्या वेगानं चालली आहेत. आज दोन मोठ्या हॉटेलांची पाठवणी आहे. काय प्रकार आहे?"

तिनं रजिस्टर पुढं केलं. पानं उलटून दाखवली. सात आठवडे, पस्तीस, छत्तीस.

"पण प्रत्येक पानावर पाचच आहेत," मॅनेजर म्हणाला. त्याचा सूर खरोखर गोंधळलेला होता. "नियम पाळलाय की."

"साहेब, तुम्ही गाडीचा किलोमीटरचा आकडा दर सोमवारी शून्यावर आणता का?"

"मला गाडीचं सांगू नका. डॉक्टरांची सही आहे. तुमचं काम टोचायचं."

"टोचायचं आहे की नाही हे बघणं हेही माझंच काम."

"तसं तुमच्या नेमणुकीच्या पत्रात कुठं लिहिलंय?"

"माझ्या नर्सिंगच्या नोंदणीत लिहिलंय. ती तुमच्या पत्राच्या आधीची आहे."

मॅनेजरनं डॉक्टरला फोन लावला आणि तिच्या हातात दिला. गुरुवारचा डॉक्टर मंगळवारी सकाळी घाईतच होता. "अहो सिस्टर, पाच दिवसांची मर्यादा आपण पाळतोच ना?"

"आठवड्याला पाच पाळतो डॉक्टर. औषध तसं सांगत नाही."

पलीकडे चालणारी पावलं थांबली. डॉक्टर मूर्ख नव्हता. त्याला कळलं, आणि कळलं हेही तिला कळलं.

"गुरुवारी आलो की बघू."

"आज एक ओळ लिहून पाठवा. 'हिला छत्तीस सुया झाल्या आहेत हे मला माहीत आहे, तरी सदतिसावी द्या.' खाली सही. मी लगेच देते."

"सिस्टर, तुम्ही उगाच विषय वाढवताय," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. ओळ आली नाही.

"महिन्याच्या आत तुम्ही इथं नसाल," मॅनेजर म्हणाला.

"घरीही तोच अंदाज आहे," सिस्टर म्हणाली.

पण असल्या जिंकण्याला काही अर्थ नसतो. सुई बंद केली म्हणून दुखणं बंद होत नाही, आणि टेबल तर मुळीच नाही. तिनं गरम पाण्याच्या पिशव्या काढल्या, पट्ट्या काढल्या, मुकादमाला सांगून बघितलं की घडीवाल्यांना आणि अभ्रेवाल्यांना दोन-दोन तासांनी अदलाबदल कर. मुकादम म्हणाला, "साहेबांना विचारून सांगतो," म्हणजे नाही. आणि गोळ्या तर कारखान्यात सगळ्यांकडेच होत्या. कोपऱ्यावरच्या दुकानात मागितलं की पट्टी मिळायची, नाव विचारायचीही गरज नाही. नाव वेगळं, रंग वेगळा, जात तीच. सुईची चुलत बहीण.

अकराच्या सुमाराला धाकटी धावत आली. तिशीची, सडपातळ, दारात उभी राहून आधी श्वास घेतला. "ताईंना उलटी झाली. चादरीवर. कॉफीच्या चोथ्यासारखं काहीतरी पडलंय."

सिस्टर उठली तेव्हा खुर्ची मागं पडली.

दोन नंबरच्या रुळाजवळ थोरली खाली बसली होती, पाठ टेबलाच्या पायाला. ओठ पांढरे. समोर अर्धी घडी घातलेली चादर आणि तिच्यावर काळपट डाग, पोटात मुरून काळं पडलेलं रक्त. रूळ चालूच होते. चादरीमागून चादर बाहेर येत होती आणि कुणी धरत नाही म्हणून जमिनीवर ढीग होत होता.

"किती गोळ्या घेतल्या?" सिस्टरनं नाडी धरत विचारलं.

"घेतल्या नाहीत."

"दोन," धाकटी म्हणाली. "आठला दोन. आणि दहाला एक. रिकाम्या पोटी."

थोरलीनं तिच्याकडे असं बघितलं की घरी गेल्यावर दोन चुलींमध्ये भिंतही उभी राहील.

नाडी धावत होती आणि बारीक होती. रुग्णवाहिकेला फोन केला तर चाळीस मिनिटं म्हणाले. फाटकात मालाची गाडी उभी होती, पाठीमागं हॉटेलाच्या चादरींचे गठ्ठे चढवलेले, ड्रायव्हर आत बसलेला. इस्पितळ पंधरा मिनिटांवर.

"ती गाडी सव्वाअकराला निघालीच पाहिजे," मॅनेजर म्हणाला. तो धावत आला होता, आणि पहिल्यांदाच त्याला घाम आला होता.

"निघेलच की. आत्ता निघते. इस्पितळाच्या वाटेनं."

"त्यात धुतलेला माल आहे सिस्टर. हिनं पुन्हा उलटी केली तर?"

"तर पुन्हा धुवा. धुलाईचाच कारखाना आहे ना?"

तिनं त्याच्या उत्तराची वाट पाहिली नाही. पिळणीवरचे दोघे, धाकटी आणि ती, अशा चौघांनी मिळून थोरलीला उचललं आणि गठ्ठ्यांवर आडवं केलं, एका कुशीवर, म्हणजे उलटी झाली तर घशात जाऊ नये. सिस्टर वर चढली. काखेत, जाताजाता दवाखान्यातून उचललेलं रजिस्टर होतं.

"रजिस्टर कंपनीचं आहे," मॅनेजर म्हणाला. "ते बाहेर जाणार नाही."

"हिची किडनी कंपनीची आहे का?"

"सिस्टर, मी सभ्यपणे सांगतोय."

"मीही आतापर्यंत सभ्यच होते," ती म्हणाली आणि ड्रायव्हरला हाक मारली, "चल रे बाबा." ड्रायव्हरनं एकदा साहेबाकडे बघितलं, एकदा आरशात मागं, आणि गाडी सुरू केली. त्याच्या बहिणीचं नाव चौथ्या ओळीवर होतं.

गाडीत धाकटीच्या मांडीवर थोरलीचं डोकं. धाकटीचा फोन वाजला. मॅनेजर. तिनं ऐकलं, "हो साहेब, हो साहेब," म्हणाली आणि फोन ठेवला. मग थोरलीच्या कानाशी वाकली, पण गाडीच्या आवाजात कुजबुजायचं म्हटलं तरी ओरडावं लागत होतं.

"सुईचं नाव काढायचं नाही म्हणतायत. पित्त झालंय सांगा. खर्च बघू म्हणतायत. आणि टेबल आपलंच राहील म्हणतायत."

थोरलीनं डोळे मिटूनच मान हलवली. ठीक आहे.

"ठीक नाही," सिस्टर म्हणाली. "तिथं तुम्हाला विचारतील, दुखण्यासाठी काय घेत होता. पित्त म्हणालात तर ते पोटाकडे बघतील. तुमच्या पायावर सूज आहे आणि सकाळपासून लघवी नाही. किडनीकडे त्यांनी आज बघायला हवं. परवा बघून भागणार नाही."

"तुम्हाला काय," थोरली म्हणाली. आवाज बारीक झाला होता पण धार गेली नव्हती. "रजिस्टर उघडं पडलं की मी कामाला अपात्र. मी अपात्र की हिचं टेबल गेलं. हिची दोन पोरं शाळेत. माझा धाकटा दीर, म्हणजे हिचा नवरा, आठ महिने घरात बसून भिंतीला रंग कुठला द्यावा ह्याचा विचार करतोय. आणि तुमची दुसरी नोकरी तयार असेल."

"माझी कुठलीच तयार नाही."

"मग कशाला मरताय?"

"काल तुम्हाला मी टोचलंय."

थोरलीनं डोळे उघडले. "तेच सांगते. कालची सुई तुमच्या हातची. नाव निघालं तर पहिलं तुमचं निघेल. कंपाउंडर गेला लेकीकडे. डॉक्टर म्हणेल, मला फोनवर काय कळतं. साहेब म्हणेल, नवी नर्स आली आणि दुसऱ्या दिवशी बाई आडवी. जमतंय का बघा."

सिस्टरनं ते सकाळीच बघितलं होतं, सातव्या पानावर बोट ठेवून मोजलं तेव्हाच. "जमतंय," ती म्हणाली. "येऊ दे नाव."

धाकटी दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. गाडी खड्ड्यात आदळली आणि थोरली कण्हली. तिचा हात आपोआप खांद्याकडे गेला, पोटाकडे नाही. एवढ्या रक्तानंतरही तिला दुखत होता तो खांदाच.

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती, केस क्लिपमध्ये कोंबलेले, डोळ्यांखाली काळं. तिनं सलाईन लावलं, रक्तदाब घेतला, रक्ताच्या नळ्या भरल्या, आणि कागद पुढं ओढून विचारलं, "कधीपासून?"

"आजच," थोरली म्हणाली.

"दुखण्याच्या गोळ्या, इंजेक्शन, काही घेता?"

थोरली छताकडे बघत होती. धाकटीनं ओढणीचं टोक पिळायला घेतलं, पिळणीतून काढल्यासारखं.

"पित्त आहे," थोरली म्हणाली. "जुनं."

डॉक्टरणीनं 'पित्त' लिहिलं.

सिस्टरनं रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि उघडलं. "सात आठवडे रोज सुई," ती म्हणाली आणि औषधाचं नाव सांगितलं. "शनिवार-रविवार सोडून. छत्तीस झाल्या. आज तीन गोळ्या वर. पायावर सूज, सकाळपासून लघवी नाही, दिवसभर वाफेत उभी, पाणी पीत नाही. काळं शौच विचारलं तर उत्तर देत नाही, म्हणजे असेल."

डॉक्टरणीनं पेन ठेवलं. पान उलटलं. अजून एक उलटलं. "हे कुणाचं अक्षर?"

"कंपाउंडरचं. कालचं माझं."

"तुम्ही नर्स आहात? आणि तुम्ही दिलीत?"

"दिली. पान मागं उलटलं नाही. लिहा तसं."

डॉक्टरणीनं 'पित्त'वर आडवी रेघ मारली. दाराशी उभ्या असलेल्या वॉर्डबॉयला म्हणाली, "किडनीचे रिपोर्ट आत्ता हवेत, संध्याकाळी नाही. आणि लघवीची नळी आणा." मग सिस्टरकडे वळून म्हणाली, "तुमचं पूर्ण नाव सांगा. हे मला वर कळवावं लागेल."

सिस्टरनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"थांबा."

थोरली उठून बसायला बघत होती. सलाईनचा हात ताणला गेला, धाकटीनं तिला मागं दाबलं, तिनं धाकटीचा हात झटकला.

"माझं अंग आहे, माझं मी सांगते," ती म्हणाली. "ही कोण माझ्या वतीनं बोलणार? दोन दिवसांची ओळख. कुलूप लावायला आली आणि तोंड उघडून बसली." तिला धाप लागली. ती ओसरली तशी तिनं कागदाकडे बोट केलं. "लिहा. सात आठवडे सुई घेतली. कुणी जबरदस्ती केली नाही आणि कुणी थांबवलंही नाही. डॉक्टरनं मला एकदाही हात लावून बघितलं नाही, सही मात्र चुकवली नाही. काळं होतंय तीन आठवडे. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सुई बंद झाली असती. हिनं बंद केली, म्हणून मी गोळ्या खाल्ल्या. ते माझं. पण बाकीचं माझं एकटीचं नाही."

"ताई, टेबल," धाकटी पुटपुटली.

"टेबल, टेबल काय लावलंस. तुझा उजवा हात वर कर."

धाकटीनं हात ओढणीआड लपवला.

"कर म्हणते ना."

धाकटीनं हात वर नेला. खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि तिथं थरथरत थांबला. त्याच्या वर गेला नाही.

"हिचे तीन आठवडे," थोरली डॉक्टरणीला म्हणाली. "आठवी ओळ. हिची पण किडनी बघा. आणि पिळणीवरची भिंगरी, तिचे पाच आठवडे, तिला आधीच साखरेचा आजार. अभ्र्यांवरच्या दोघी बहिणी. तिसऱ्या रुळावरचा हवालदार, म्हणजे हवालदार नाही, मिशा आहेत. गाडीवाल्याची बहीण."

"बाई, तुम्ही आधी शांत पडा," डॉक्टरीण म्हणाली. "ते काही माझे पेशंट नाहीत."

"होतील," थोरली म्हणाली. "लिहायला घ्या."

डॉक्टरणीनं एकदा रजिस्टरकडे बघितलं, एकदा खाटेकडे, आणि खणातून दुसरा कागद काढला. सिस्टरनं खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.